स्टंट कोसळल्यानंतर : कोकणातल्या एका शालेय चिअर संघाचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातली गाव, शाळा आणि मुलींची नावं दिलेली नाहीत, काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे.

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेचा १४ मुलींचा चिअर संघ आहे. वयं ११ ते १४. शारीरिक शिक्षणाच्या बाई प्रशिक्षण देतात. स्वतः जिम्नॅस्टिक्स केलेल्या आहेत. सराव शाळेच्या सभागृहात होतो. खाली सिमेंटची फरशी, तिच्यावर फोमच्या मॅट्स. पावसाळ्यात त्या मॅट्स दमट होतात, कडांना बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर त्या रोज भिंतीला उभ्या करून पंख्याखाली वाळवाव्या लागतात.

संघाची रचना समजून घेतली तर पुढचं सगळं नीट कळेल. चार-चार मुलींचे तीन गट. प्रत्येक गटात दोन बेस, म्हणजे खालून उचलणाऱ्या. एक बॅकस्पॉट, म्हणजे मागे उभी राहून फ्लायरचे घोटे धरणारी, मोजणी करणारी आणि ती पडलीच तर डोकं-मान वाचवणारी. आणि वर चढणारी फ्लायर. उरलेल्या दोघी कोलांट्या आणि कार्टव्हील करतात, स्टंटमध्ये, म्हणजे फ्लायरला उचलण्याच्या कसरतीत, नसतात. या दोघींचा विषय शेवटी पुन्हा येणार आहे.

गावात या खेळाबद्दल आधीपासून कुरबुर होती. २००८ साली आयपीएल सुरू झाल्यावर चिअरलीडर म्हणजे सीमारेषेजवळ नाचणाऱ्या मुली, एवढंच चित्र घरोघरी पोहोचलं. उड्या, कोलांट्या, स्टंट आणि मनोरा यांवर गुण मिळणारा हा स्पर्धात्मक खेळ आहे, त्याच्या जागतिक संघटनेला २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पूर्ण मान्यता दिली, हे बाईंनी पालकसभेत सांगितलं होतं. काहींना पटलं, काही गप्प राहिले. प्रवेश फी, पोशाख आणि मिनीबस मिळून प्रत्येक घराने २,२०० रुपये भरले होते. भात लावणीच्या दिवसांत ही रक्कम लहान नसते. त्यामुळे हरण्याआधीच मुलींच्या डोक्यावर एक ओझं होतं : एवढं सगळं करून गेलो, तर काहीतरी आणायला हवं.

स्पर्धेत काय झालं

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ठाण्याला स्पर्धा होती. वयोगटात ११ संघ. या संघाचा नववा क्रमांक आला.

सव्वादोन मिनिटांच्या रुटीनमधला, म्हणजे संगीतावर बसवलेल्या सलग सादरीकरणातला, पहिला स्टंट नीट लागला. दुसऱ्या स्टंटला मधला गट जागेवर उशिरा पोहोचला, फ्लायर खांद्याच्या उंचीवर एका पायावर उभी राहताना पुढे झुकली आणि खाली आली. बॅकस्पॉटने तिला काखेतून धरलं, त्यामुळे ती गुडघ्यांवर उतरली, डोकं कुठेही आपटलं नाही. ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून डाव्या गटाने आपला स्टंट अर्ध्यातच खाली घेतला. शेवटच्या मनोऱ्यात तीनऐवजी दोनच गट उभे राहिले. एक मुलगी रडत रडत नाचली.

यामागची कारणं तीन होती, आणि ती तिन्ही मोजता येण्यासारखी होती.

पहिलं कारण जागेचं. स्पर्धेचा फ्लोअर नऊ पट्ट्यांचा असतो, प्रत्येक पट्टी ६ फूट रुंद, म्हणजे रुंदी ५४ फूट आणि खोली ४२ फूट. शाळेच्या सभागृहाची रुंदी ३६ फूट. वॉर्म-अपच्या वेळी फ्लोअर रिकामा दिसेल या भीतीने मुलींना 'पसरा' अशी सूचना मिळाली. त्यामुळे मधल्या गटातल्या दोघींना दुसऱ्या स्टंटपर्यंत सुमारे ६ फूट जास्त चालावं लागलं. संगीताचा वेग मिनिटाला १४४ ठोके होता. त्या वेगात आठ मोजायला साधारण ३.३ सेकंद लागतात. सहा फूट म्हणजे दोन-तीन पावलं, म्हणजे दोन ठोक्यांचा उशीर. संगीत थांबत नाही. उशिरा पोहोचलेल्या बेसने पाय खांद्याइतके फाकवून पक्के रोवण्याआधीच उचल घेतली.

दुसरं कारण आवाजाचं. बॅकस्पॉटची 'पाच, सहा, सात, आठ' ही मोजणी सभागृहातल्या छोट्या स्पीकरपुढे ऐकू जायची. ठाण्याच्या मोठ्या ध्वनियंत्रणेत ती दोन फुटांवरही ऐकू गेली नाही. उचल घेण्याआधी गुडघ्यांतून दबायचं असतं; एक बेस सातला दबली, दुसरी आठला.

तिसरं कारण सगळ्यात जुनं. आंतरराष्ट्रीय नियमांच्या साधारण चौकटीत दोन्ही पायांवरचा खांद्याच्या उंचीचा स्टंट पहिल्या पातळीत येतो. कोणाचा हात न धरता त्याच उंचीवर एका पायावर उभं राहणं दुसऱ्या पातळीत. हा संघ पहिल्या पातळीवर पक्का होता. जूनअखेर दुसऱ्या एका संघाचा व्हिडिओ पाहून एका पायाचा स्टंट रुटीनमध्ये घेतला गेला. सरावात तो सुटा केला तर दहातून सात-आठ वेळा लागायचा. पूर्ण रुटीनमध्ये, दमलेल्या हातांनी, संगीतावर, तो निम्म्या वेळाच लागत होता. सुट्या सरावातला आकडा मनाला बरा वाटतो. स्पर्धेत मोजायचा असतो तो दमल्यानंतरचा.

पहिले काही तास

फ्लोअरवरून उतरल्यावर बाईंनी आधी फ्लायरची तपासणी केली. मान वळते का, मनगट दाबल्यावर दुखतं का, डोकं दुखतंय का, मळमळ किंवा भोवळ आहे का, आज कोणता वार हे नीट सांगते का. यातलं काहीही असतं तर त्या दिवशी तिला पुन्हा उभं करायचं नव्हतं, थेट डॉक्टरकडे न्यायचं होतं. काही नव्हतं. मग सगळ्यांना मीठ-साखर-लिंबाचं पाणी आणि घरून आणलेले लाडू. मुली सकाळी सहानंतर नीट जेवल्याच नव्हत्या. रिकाम्या पोटी रडणारं मूल समजावून शांत होत नाही, हे मुलांबरोबर काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही, पण गडबडीत नेमकं हेच विसरलं जातं.

पहिला निर्णय इथे घ्यावा लागला : बक्षीस समारंभाला थांबायचं की निघायचं? सोबतच्या दोन पालकांचं म्हणणं होतं, लगेच निघू. रस्ता लांबचा आहे, पोरींना अजून का दुखवायचं. हे म्हणणं चुकीचं नव्हतं. दुसऱ्या बाजूला, मध्येच निघालो तर मुली शिकणार ते एवढंच, की हरलेल्यांनी मागच्या दाराने जायचं असतं. शिवाय गुणपत्रक समारंभानंतरच मिळणार होतं. बाईंनी मधला मार्ग काढला : आपल्या वयोगटाचा निकाल होईपर्यंत थांबायचं, विजेत्या संघासाठी टाळ्या वाजवायच्या, मग निघायचं. ज्यांना रडू येतंय त्यांनी रडावं, हसरा चेहरा ठेवायची सक्ती नाही. ही शेवटची सूचना महत्त्वाची ठरली. फ्लोअरवर सतत हसायचं हा या खेळाचा नियमच आहे. तो नियम फ्लोअरबाहेर चालत नाही, हे मुलींना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

परतीच्या बसमध्ये पनवेल ओलांडल्यावर एका पालक काकींनी विचारलंच, "पण सुटलं कोणाच्या हातनं?" बस गप्प झाली. बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "काकी, ते आपण परवा सगळ्या मिळून बघू. आज कोणाचंच नाव घ्यायचं नाही." माणगावला जेवायला थांबण्याआधी त्यांनी पालकांच्या ग्रुपवर हा संदेश पाठवला :

"मुली रात्री उशिरा पोहोचतील. सगळ्या सुखरूप आहेत. आपला क्रमांक नववा आला. आज 'कोणामुळे झालं' आणि 'एवढे पैसे भरले' हे दोन विषय घरात काढू नका. जेवू द्या, झोपू द्या. ती स्वतः बोलली तर मध्ये न बोलता ऐका. 'काही बिघडत नाही' असं म्हणू नका, तिचं बिघडलंय. 'वाईट वाटतंय ना' एवढं म्हणा. व्हिडिओ स्टेटसला ठेवू नका. परवा शाळा सुटल्यावर ४० मिनिटांची बैठक आहे."

व्हिडिओ

संदेश पोहोचण्याआधीच एका मुलीच्या मोठ्या चुलत भावाने पडण्याची नऊ सेकंदांची चित्रफीत हसण्याच्या इमोजीसह स्टेटसला ठेवली होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आठवीच्या वर्गात ती पोहोचलेली होती.

इथे तीन पर्याय होते. ग्रुपवर जाहीर कानउघाडणी करायची. संघाचा चांगला व्हिडिओ टाकून त्यावर मात करायची. किंवा त्या मुलाच्या घरी फोन करायचा. जाहीर बोलण्याने ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनीही शोधून पाहिलं असतं. चांगला व्हिडिओ टाकणं आकर्षक वाटत होतं, पण त्याने मुलींचं दुःख गावापुढच्या चढाओढीत गेलं असतं, आणि किती जणांनी पाहिलं हे मोजत बसण्याची नवी काळजी लागली असती. बाईंनी फोन केला, मुलाशीच बोलल्या, आणि स्टेटस निघालं. ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्याकडे ते राहिलं. त्याला इलाज नव्हता. आठवीच्या वर्गशिक्षकांनी मात्र त्याच दिवशी वर्गात विषय काढला, कोणाचं नाव न घेता.

चिठ्ठ्या

तिसऱ्या दिवशीच्या बैठकीसाठी मुख्याध्यापकांचं मत होतं की पाहुणा वक्ता बोलवावा, मुलींना 'प्रेरणा' द्यावी. एका पालकांचं म्हणणं, सहलीला न्या, विसरतील. बाईंनी दोन्ही नाकारलं. कारण सरळ होतं : मुलींना नेमकं काय झालंय हेच अजून कोणाला माहीत नव्हतं. औषध आधी ठरवून आजार नंतर विचारण्यासारखं ते झालं असतं.

त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, एकच वाक्य : "त्या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त काय खुपतंय?" १४ चिठ्ठ्या आल्या आणि त्यांचे पाच ढीग पडले.

चार चिठ्ठ्यांत अपराधीपण होतं. चौघींनी, चार वेगवेगळ्या चिठ्ठ्यांत, 'माझ्यामुळे पडलं' असं लिहिलं होतं. तीन चिठ्ठ्यांत भीती : पुन्हा वर जायचं नाही, पुन्हा कोणी पडलं तर. चार चिठ्ठ्यांत लाज : गावात काय म्हणतील, आजी म्हणाली होतीच हे नाचणं कशाला, बाबांचे पैसे गेले. दोघींना राग होता, पंचांवर. आपल्यानंतरच्या संघाचाही स्टंट हलला तरी तो वरच्या क्रमांकावर कसा. आणि एका चिठ्ठीत होतं, 'मला काही वाटत नाही.'

या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं पाऊल हेच, असं आमचं मत आहे. बाहेरून संघ 'निराश' दिसत होता. आतून ती निराशा एक नव्हतीच. घाबरलेल्या मुलीला 'तुझी चूक नाही' सांगून भीती जात नाही. अपराधी वाटणाऱ्या मुलीला 'पुढच्या वेळी जिंकू' म्हटलं तर ओझं वाढतंच. रागावलेलीला शांत हो म्हटलं तर ती बोलायची थांबते, राग तसाच राहतो. सकारात्मकता हा वरून शिंपडायचा पदार्थ नाही. प्रत्येकीला जे खुपतंय त्याला स्वतंत्र उत्तर द्यावं लागतं.

प्रत्येक ढिगाला वेगळं उत्तर

रागाचं उत्तर सोपं होतं. गुणपत्रक सगळ्यांसमोर ठेवून ओळ न् ओळ वाचलं. पुढच्या संघाचा स्टंट हलला होता, पण वरच राहिला होता; हलणं आणि कोसळणं यांची वजावट वेगळी असते. हे कळल्यावर एकीचा राग बराच उतरला. दुसरीचा नाही, आणि तिला पटवायचा आग्रहही धरला नाही.

त्याच गुणपत्रकात आणखी काही सापडलं. उड्या, नृत्य आणि प्रेक्षकांना साद घालण्याचा भाग, या तिन्हींत संघाचे गुण मधल्या फळीतल्या संघांच्या बरोबरीचे होते. बाईंनी इथे 'तुम्ही हुशारच आहात' असं म्हटलं नाही. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ सालचा अभ्यास शिक्षणक्षेत्रात सगळ्यांना परिचित आहे : हुशारीचं कौतुक झालेली मुलं अपयशानंतर लवकर हात टेकतात, प्रयत्नांचं कौतुक झालेली जास्त तग धरतात. म्हणून शब्द नेमके निवडले : "टो-टच उडीत मे महिन्यात तुमचे गुडघे वाकत होते. रोज २० मिनिटं स्ट्रेचिंग केलंत, ते इथे या ओळीत दिसतंय." कौतुक खरं आहे की मन राखण्यासाठी केलंय, हे ११ वर्षांच्या मुलीला लगेच कळतं. ओळीवर बोट ठेवून केलेलं कौतुक तिला नाकारता येत नाही.

अपराधीपणासाठी व्हिडिओ दाखवायचा की नाही, यावर बराच विचार झाला. दाखवला तर जखम पुन्हा उघडेल. न दाखवला तर चौघी आयुष्यभर आपापलं पान मनात लिहीत राहतील. शेवटी ठरलं : फक्त मधल्या गटाला, आवाज बंद करून, आणि पडण्यापासून नाही तर त्याच्या आधीच्या दोन 'आठां'पासून. फक्त पाय पाहायचे. मोजणी बाई तोंडाने करतील. तिसऱ्यांदा पाहताना मुख्य बेसच म्हणाली, "बाई, आम्ही आलोच उशिरा." तिथून पुढे कोणाचे हात सुटले हा प्रश्न मागे पडला आणि सहा फूट जास्त का चालावं लागलं हा प्रश्न पुढे आला. त्याला उत्तर होतं. 'पसरा' ही सूचना मोठ्यांची होती, हेही बाईंनी तिथेच स्पष्ट सांगितलं.

लाजेला बैठकीत उत्तर नव्हतं. ते गावातच मिळणार होतं, त्याकडे पुढे येऊ.

भीती : हातांवरचा विश्वास परत आणणं

पडलेल्या फ्लायरला लगेच पुन्हा वर चढवावं, नाहीतर भीती बसते, असं बरेच जण मानतात. या खेळात हा सल्ला धोक्याचा आहे. घाबरलेली फ्लायर खाली बघते. मान खाली गेली की वजन पुढे जातं, पोट आणि नितंब सैल पडतात, गुडघे मऊ होतात, आणि खालच्या मुलींच्या हातात सरळ उभ्या शरीराऐवजी एक डगमगणारं वजन येतं. म्हणजे भीतीच पुढच्या पडण्याचं कारण होते. आणि भीती फक्त फ्लायरलाच नसते. तीन चिठ्ठ्यांपैकी एक बेसची होती.

म्हणून पायऱ्या ठरवल्या. प्रत्येक पायरी सलग तीन वेळा स्वच्छ, तीही दोन वेगवेगळ्या दिवशी, तरच पुढे.

पहिली पायरी जमिनीवरच : फ्लायरने बेसच्या खांद्यांवर हात दाबून उडी घ्यायची आणि परत उतरायचं, बेसनी पाठ सरळ ठेवून गुडघ्यांतून दबायचं, चौघींनी एकत्र मोजायचं. दुसरी, बेसच्या मांडीवर उभं राहणं. तिसरी, दोन्ही पायांवर कमरेच्या उंचीला. चौथी, दोन्ही पायांवर खांद्याच्या उंचीला, समोर एक जादा स्पॉटर, म्हणजे पडली तर धरायला उभी असलेली मुलगी. पाचवी, जादा स्पॉटरशिवाय, संगीतावर. एका पायाचा स्टंट यादीतून काढूनच टाकला.

या पायऱ्यांपेक्षाही एका सरावाचा जास्त उपयोग झाला. प्रत्येक पायरीवर आधी उतरायचं शिकवलं. फ्लायरने कधीही, काही कारण न देता, 'खाली' म्हणायचं. ऐकताच तिघींनी घोटे न सोडता तिला ताब्यात खाली आणायचं, आणि 'का' असं कोणी विचारायचं नाही. सुरुवातीला मधल्या गटाची फ्लायर दर वेळी 'खाली' म्हणत होती. एका सरावात तिने ते सलग सात वेळा म्हटलं. बेस कंटाळल्या, एक पुटपुटली, पण दर वेळी तिला नीट उतरवलं. पुढच्या आठवड्यात तिचं 'खाली' कमी झालं. तिला हवं होतं ते आश्वासन तोंडाने देता येणारं नव्हतंच. ते तीन जोड्या हातांनी, पुन्हा पुन्हा, द्यावं लागलं.

मोजणीचा प्रश्नही सोडवला. बॅकस्पॉटने नुसतं ओरडण्याऐवजी घोट्यावरच्या हातांनी सातला हलका दाब द्यायचा, आणि बेसनी तिच्या तोंडाकडे न बघता एकमेकींच्या डोळ्यांत बघून दबायचं. सरावात मोठा स्पीकर मुद्दाम बॅकस्पॉटच्या शेजारी ठेवला.

दहीहंडीचा प्रस्ताव

गोकुळाष्टमी तोंडावर आली होती. गावातल्या मंडळाने मनापासून प्रस्ताव आणला : मुलींची हंडी करू, वरच्या थरावर याच पोरी चढतील, सगळं गाव टाळ्या वाजवील, गेलेला आत्मविश्वास परत येईल. मुलींपैकी काहींचे डोळेही चमकले.

नकार द्यायला दोन कारणं होती आणि पहिलंच पुरेसं होतं. १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढू दिलं जाणार नाही, अशी हमी राज्य सरकारने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दिलेली आहे. संघातल्या बहुतेक जणी त्या वयाच्या आत होत्या. दुसरं कारण तांत्रिक. हंडीचे थर ओल्या रस्त्यावर, पाण्याच्या माऱ्यात, खांद्यावर खांदा देऊन लागतात. तिथे घोटे धरणारी बॅकस्पॉट नसते, मॅट नसते. तिसऱ्या पायरीवर असलेल्या फ्लायरला तिथे चढवणं म्हणजे केलेलं सगळं पुसून टाकणं. बाईंनी मंडळाला नकार देताना एक मागणीही केली : गणपतीत आम्हाला अर्धा तास द्या. ती लगेच मान्य झाली.

गणपतीतला कार्यक्रम

गौरी-गणपतीला चाकरमानी येतात, गाव भरतं. ज्यांच्यासमोर लाज वाटत होती तेच सगळे एका जागी असणार होते. म्हणून कार्यक्रम करावा की टाळावा, हा निर्णय मुलींवरच सोपवला. बहुतेक जणींनी हात वर केले. ज्यांनी केले नाहीत त्यांना कारण विचारलं नाही. संगीत लावणं, मॅट्स, आणि लोकांना खेळ समजावून सांगणं ही कामं दिली.

स्टेज होतं बांबू-फळ्यांचं, साधारण २० फूट बाय १६, जमिनीपासून चार फूट उंच. त्यावर स्टंट करायचा नाही, हे पहिल्याच पाहणीत ठरलं. कडेवरून पडलं तर खाली चिरा. देवळापुढच्या अंगणात मॅट्स टाकायचं ठरलं, आणि मॅट ओली झाली तर एकही स्टंट नाही, हा नियम आधीच सगळ्यांना सांगितला. दुपारी पाऊस आलाच. कार्यक्रम शाळेच्या सभागृहात हलवला.

कार्यक्रमाआधी हात वर न केलेल्यांपैकी एकीने पाच मिनिटं प्रेक्षकांना सांगितलं : बेस कोण, बॅकस्पॉट काय करते, मोजणी कशी चालते, गुण कशाला मिळतात. मग उड्या, नृत्य, आणि दोन्ही पायांवरचे स्टंट. मधल्या गटाने ऐनवेळी कमरेच्या उंचीवरच थांबायचं ठरवलं. तो अधिकार त्यांना दिलेला होता. बाकीचे दोन गट खांद्यापर्यंत गेले. सादेच्या भागात गणपतीची आरोळी घेतली, तेव्हा सभागृह उठलं. ज्या आजींनी 'नाचणं कशाला' म्हटलं होतं त्या नंतर बॅकस्पॉट झालेल्या नातीला म्हणाल्या, "म्हणजे तू धरतंस व्हय गो तिला!" खेळाची समज यायला एवढं पुरतं.

परिणाम

जानेवारीत संघ विभागीय पातळीवरच्या दुसऱ्या एका स्पर्धेला गेला. पहिल्या पातळीचंच रुटीन. एकही स्टंट कोसळला नाही. आठ संघांत पाचवा क्रमांक आला. मुली त्या दिवशीही हिरमुसल्या, पण बसमध्ये गुणपत्रक त्यांनी स्वतः मागून घेतलं.

मधल्या गटाची फ्लायर आता बेस आहे. तिने स्वतः मागितलं. काही पालकांना ही हार वाटली. तसं मानायचं कारण नाही. तिला पडण्याची भीती वाटते, पडणाऱ्याला धरायची वाटत नाही, आणि पडताना काय वाटतं हे ठाऊक असलेली बेस गटाला लाभते.

एक मुलगी सप्टेंबरअखेर संघ सोडून गेली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, जूनमधला निर्णय. नवीन घटक रुटीनमध्ये घेण्याची अट आता लिहून ठेवली आहे : पूर्ण रुटीन संगीतावर, दहा वेळा, वेगवेगळ्या दिवशी, त्यात किमान नऊ वेळा लागला तरच स्पर्धेत. स्पर्धेआधी तीन आठवडे यादी बंद. ही अट असती तर एका पायाचा स्टंट ठाण्याला गेलाच नसता.

फ्लोअरची सवय घरीच करता येते. मैदानावर चुन्याने ५४ बाय ४२ फुटांची चौकट आणि दर ६ फुटांवर रेघ मारायला अर्धा तास लागतो. पावसाळ्यात मैदानावर पाणी असतं ही अडचण खरी, पण उघाडीच्या दिवशी स्टंट न करता नुसतं चालून मोजणी करता आली असती. आणि जागा कोणतीही असो, वॉर्म-अपमध्ये अंतरं बदलायची नाहीत; फ्लोअर रिकामा दिसला तर दिसू द्यावा.

पालकांना संदेश स्पर्धेनंतर नाही, आधी जायला हवा होता. 'हरलो तर काय बोलायचं' हे निघण्यापूर्वीच्या सभेत सांगितलं असतं तर त्या काकींचा प्रश्न आणि ते स्टेटस, दोन्ही कदाचित टळलं असतं. आता प्रत्येक प्रवासाआधी दहा मिनिटं त्यासाठी राखलेली असतात.

सगळ्यात मोठी उणीव पाचव्या ढिगातली. 'मला काही वाटत नाही' ही चिठ्ठी वाचून बाजूला ठेवली गेली, कारण ती अडचणीची वाटली नाही. ती कोलांट्या करणाऱ्या दोघींपैकी एकीची होती, हे ती सोडून गेल्यावर वर्गशिक्षकांकडून कळलं. तिचे वडील मुंबईत नोकरीला. रजा काढून ते ठाण्याला पहिल्यांदाच तिचा खेळ बघायला आले होते. तिची कोलांटी त्या दिवशी अचूक झाली होती. पण बसमध्ये, बैठकीत, नंतरच्या पाच आठवड्यांत, सगळं बोलणं स्टंटबद्दलच झालं. पायऱ्यांचा सराव चालू असताना या दोघी भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. ज्यांचं चुकलं त्यांना भरपूर वेळ मिळाला, जिचं चुकलं नाही तिला कोणी काही विचारलंच नाही.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. स्टंटमध्ये नसलेल्या मुलींना स्पॉटर म्हणून शिकवलं जातं, त्यामुळे चौथ्या पायरीवरची जादा जागा त्यांची असते. आणि स्पर्धेनंतरच्या आठवड्यात बाई प्रत्येक मुलीला एकटीला पाच मिनिटं भेटतात, जिंकलेलं असो वा हरलेलं, आणि पहिला प्रश्न तिच्या स्वतःच्या कामाबद्दल विचारतात. हे जानेवारीच्या स्पर्धेपासून सुरू झालं. तोवर ती मुलगी कबड्डीच्या संघात गेली होती.